तापाची कसर : साथीनंतर रेंगाळणाऱ्या दुखण्याचा इतिहास

आपल्या भाषेत 'कसर' हा एक मोठा मार्मिक शब्द आहे. व्यापारी मालातल्या तुटीला कसर म्हणतो, हिशेबनीस राहिलेल्या उणिवेला कसर म्हणतो, आणि घरातली जाणती बाई तापातून उठलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून म्हणते, "ताप उतरला, पण अंगात कसर आहे." दुखणे गेले, परंतु पुरते गेले नाही; माणूस अंथरुणातून उठला, परंतु पूर्वीसारखा झाला नाही, अशी जी मधली अवस्था, तिला हा शब्द आहे. दुखणे येते हत्तीच्या पावलाने आणि जाते मुंगीच्या पावलाने, ही म्हणही ह्याच अनुभवातून निघालेली. जे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक होते, ते वैद्यकाच्या इतिहासात कितीदा सापडले आणि कितीदा हरवले, ह्याची हकीकत मला आज सांगावयाची आहे.

साथींचा इतिहास लिहिणारे बहुधा मृत्यूंची मोजदाद करतात. साथ आली, इतके मेले, साथ गेली, की प्रकरण संपते. परंतु प्रत्येक मोठ्या साथीच्या मागे एक तिसरा वर्ग उरतो. तो मेलेल्यांत नसतो आणि बरे झालेल्यांतही नसतो. ताप जाऊन महिने लोटले तरी ह्या माणसांना जिना चढवत नाही. रात्र रात्र डोळा लागत नाही, किंवा दहा तास झोपूनही झोप झाल्यासारखे वाटत नाही. वाचलेले डोक्यात शिरत नाही. उगाच रडू येते, जीव घाबरा होतो, कशातच गोडी वाटत नाही. तपासणी करावी तर नाडी बरी, रक्त बरे, छातीचे चित्र स्वच्छ! मग वैद्य म्हणतो, तुम्हाला काही झालेले नाही. घरचे म्हणतात, मनावर घेऊ नका. आणि काही दिवसांनी शेजारी म्हणू लागतात, ही कामचुकारपणाची लक्षणे.

गेल्या एकशेतीस-पस्तीस वर्षांत निदान पाच-सहा वेळा हे दुखणे डॉक्टरांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. दर वेळी कोणीतरी ते नीट टिपून ठेवले, आणि दर वेळी ते विसरले गेले किंवा 'मनाचे खेळ' म्हणून बाजूला सारले गेले. ह्याचे कारण, शरीर एक आणि मन दुसरे, असा जो कप्पा आपण पाडून ठेवला आहे, त्यात मला दिसते. हे दुखणे त्या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. झोप तर दोहोंच्या उंबरठ्यावरच बसलेली आहे. म्हणून ह्या हकीकतीत साक्षीदार म्हणून तिलाच वारंवार बोलवावे लागेल.

1889 सालच्या हिवाळ्यात रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे इन्फ्ल्युएन्झाची साथ भडकली. आगगाड्या आणि आगबोटी ह्यांच्या बरोबरीने ती काही आठवड्यांत सर्व युरोपभर पसरली, आणि नवीन वर्ष उजाडते तोच लंडन तिच्या तावडीत सापडले. ती एकदाच येऊन गेली नाही. 1891 साली आली, 1892 साली आली, पुढेही येत राहिली. 'रशियन फ्लू' असे तिचे नाव पडले. तेव्हाच्या डॉक्टरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ताप चार दिवसांचा, परंतु त्याची शेपटी महिनोन्‌महिने लांबते. जर्मनीचा बादशहा तिसरा फ्रेडरिक ह्याच्या घशावर उपचार केलेले प्रख्यात डॉक्टर सर मोरेल मॅकेन्झी ह्यांनी हे विष मज्जासंस्थेलाच जाऊन भिडते, असे मत मांडले. लंडनमधील ज्यूलियस आल्टहाउस ह्या मज्जारोगतज्ज्ञाने फ्लूनंतर उद्‌भवणाऱ्या मनोविकारांवर सविस्तर लिहिले. निद्रानाश, खिन्नता, भ्रम, अंगातले त्राण जाणे, ही सारी त्यांच्या लिखाणात आहेत.

ह्या रुग्णांत एक असा होता की ज्याच्या निद्रानाशाची नोंद राज्यकारभाराच्या इतिहासात झाली आहे. लॉर्ड रोझबेरी हे 1894 सालच्या मार्चमध्ये इंग्लंडचे पंतप्रधान झाले. विद्वान, वक्ते, श्रीमंत आणि शर्यतीच्या घोड्यांचे शौकीन. पंतप्रधानपदी असताना लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या घोड्यांनी डर्बी जिंकली. 1895 सालच्या फेब्रुवारीत त्यांना इन्फ्ल्युएन्झा झाला. ताप गेला आणि झोपही घेऊन गेला. आठवडेच्या आठवडे ते रात्री टक्क जागे राहत. झोपेसाठी मॉर्फियाचा आधार घ्यावा लागे, आणि ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हणत, त्याच्या पंतप्रधानाला घटकाभर डोळा लागावा म्हणून डॉक्टर शर्थ करीत. जून महिन्यात त्यांचे मंत्रिमंडळ पडले. ते केवळ निद्रानाशामुळे पडले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पक्षात फूट होतीच. परंतु त्या रात्रींची आठवण रोझबेरींना पुढे कित्येक वर्षे छळीत राहिली.

आता असा विचार करा, की हेच दुखणे लंडनच्या गोदीतल्या एखाद्या हमालाला झाले असते तर? ह्याचे उत्तर त्या काळच्या एका रोगनामात दडलेले आहे. 1869 साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज मिलर बिअर्ड ह्या डॉक्टराने 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, हे नाव प्रचारात आणले. आगगाड्या, तारायंत्रे, व्यापारातली धावपळ ह्यांनी सुधारलेल्या माणसाची मज्जाशक्ती खर्ची पडते, असा त्याचा सिद्धान्त होता. रोगाला प्रतिष्ठा मिळाली. ज्याच्यापाशी पैसा त्याला विश्रांती, दुधाचा खुराक आणि समुद्रकाठची हवा लिहून देत. हेच दुखणे मजुराला झाले, तर त्याला आळस म्हणत. रोग एकच असून दिवाणखान्यात त्याला एक नाव आणि चाळीत दुसरे, हा प्रकार तेव्हापासून चालत आला आहे, आणि तो संपला आहे असे मला वाटत नाही.

ह्यानंतरची मोठी साथ आपल्या दारात आली. 1918 सालच्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. पहिली लाट सौम्य होती; सप्टेंबरात दुसरी आली ती काळ होऊन. 6 ऑक्टोबर ह्या एका दिवशी मुंबई शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते. सबंध हिंदुस्थानात किती माणसे गेली ह्याचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपासपासून पुढे जातात. 1911 ते 1921 हे आपल्या जनगणनेच्या इतिहासातले एकच दशक असे आहे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

मेलेल्यांची मोजदाद अशी झाली. परंतु जे वाचले त्यांचे काय? जन्माची नोंदवही असते, मृत्यूची असते. अर्धवट बरे झालेल्याची नोंदवही कोणत्याही नगरपालिकेत नसते. गिरणीतला कामगार पायांवर उभा राहू शकला की त्याला साच्यावर जावे लागे. न गेला तर खाडा, आणि खाडा म्हणजे चूल बंद. त्याला रात्री झोप येत होती की नाही, हे कोणी विचारले असेल काय?

अमेरिकेतील बोस्टन शहरात मात्र एका तरुण डॉक्टराने हा प्रश्न विचारला. कार्ल मेनिंजर तेव्हा तिथल्या मनोरुग्णालयात काम करीत होता. फ्लूच्या साथीनंतर भ्रमिष्ट होऊन आलेल्या रुग्णांची हकीकत त्याने 1919 साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या कित्येकांची लक्षणे त्या काळी असाध्य समजल्या जाणाऱ्या मनोविकाराशी जुळत होती. परंतु काही वर्षांनी मेनिंजरने त्यांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा त्यांतले बहुतेक बरे झालेले आढळले. 1926 साली त्याने हे लिहिले. ह्या नोंदीचे मोल फार आहे. तापाने मन बिघडू शकते, आणि असे बिघडलेले मन पुन्हा ताळ्यावर येऊ शकते, ह्या दोन्ही गोष्टी तिने एकदमच सांगितल्या.

मुंबईत फ्लू येण्याच्या दीड वर्ष आधी, महायुद्ध ऐन भरात असताना, ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात एक निराळेच दुखणे दिसू लागले होते. 1916-17 च्या हिवाळ्यात तिथल्या मनोरुग्ण चिकित्सालयात असे रुग्ण येऊ लागले की ज्यांचे निदान कोणालाच करता येईना. कोणी जेवता जेवता घास तोंडात असताना झोपी जाई. हाक मारली की जागा होऊन बरोबर उत्तर देई आणि पुन्हा झोपे. ही झोप आठवडेच्या आठवडे चाले. उलट काहींना झोप म्हणून येत नसे. ते दिवसरात्र तळमळत. तिथे कॉन्स्टांटिन फॉन इकोनोमो नावाचा डॉक्टर होता. ग्रीक कुळातला, ट्रिएस्ट शहरात वाढलेला, आणि ऑस्ट्रियातील अगदी पहिल्यावहिल्या वैमानिकांपैकी एक. 1917 सालच्या वसंतात त्याने ह्या रोगाचे वर्णन करून त्याला 'एन्सेफलायटिस लेथार्जिका', म्हणजे झोपाळू मेंदुदाह, असे नाव दिले. जवळजवळ त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्रुशे ह्यानेही असेच रुग्ण वर्णिले होते.

इकोनोमोने मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, आणि त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून एक लहानसा भाग आहे. जे झोपाळू होऊन मेले, त्यांच्या ह्या भागाच्या मागल्या बाजूस दाह होता; जे निद्रानाशाने तळमळून मेले, त्यांच्या पुढल्या बाजूस. ह्यावरून त्याने अनुमान बांधले, की मेंदूत झोप आणणारी एक जागा आहे आणि जागे ठेवणारी दुसरी. तोवर झोप म्हणजे मेंदू थकून गप्प पडणे, अशी सर्वसाधारण समजूत होती. इकोनोमो 1931 साली वारला. 1996 साली अमेरिकेतील संशोधकांना उंदरांच्या मेंदूत हायपोथॅलॅमसच्या पुढल्या भागी झोप आणणाऱ्या पेशींचा पुंजका सापडला, आणि 1998 साली त्याच हायपोथॅलॅमसमधल्या, जागे ठेवणाऱ्या ओरेक्सिन ह्या द्रव्याचा शोध लागला. सूक्ष्मदर्शकाच्या बळावर बांधलेले अनुमान ऐंशी वर्षांनी पुष्कळ अंशी खरे ठरले.

ह्या रोगाचे उत्तरकांड अधिक करुण आहे. जे वाचले त्यांतले पुष्कळ काही वर्षांनी कंपवातासारख्या दुखण्याने जखडून पुतळ्यासारखे बसून राहिले. मुलांची तऱ्हा आणखीच वेगळी. शहाणे, आज्ञाधारक मूल दुखण्यातून उठले की रात्रभर धिंगाणा घाली आणि दिवसा झोपे. ते खोटे बोलू लागे, भावंडांना मारू लागे. आईबाप म्हणत, हे आमचे मूल नव्हे. शिक्षक छडी घेत. पण छडीने मेंदूचा दाह कसा जाणार? शेवटी इंग्लंड-अमेरिकेत अशा मुलांसाठी वेगळ्या रुग्णशाळा काढाव्या लागल्या. ज्याला दुर्गुण म्हणून शिक्षा होत होती, ते दुखणे होते, एवढा धडा त्या मुलांनी वैद्यकाला दिला. 1920 ते 1930 च्या दशकात ही साथ जशी आली तशी विरून गेली. फ्लूशी तिचा संबंध अनेकांनी जोडला, परंतु तो सिद्ध झालेला नाही. पुतळे होऊन बसलेल्यांपैकी काही न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात पुढे चाळीस वर्षे जगले. 1969 साली ऑलिव्हर सॅक्स ह्या डॉक्टराने त्यांना एल-डोपा हे औषध दिले, तेव्हा ते काही काळ जागे झाले, बोलू-चालू लागले. ती हकीकत त्याच्या 'अवेकनिंग्ज' ह्या 1973 सालच्या पुस्तकात आहे.

आता लंडनकडे परत जाऊ. 1955 सालच्या जुलै महिन्यात तिथल्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये परिचारिका आणि डॉक्टर पटापट आजारी पडू लागले. घसा धरणे, डोकेदुखी, मानेत आणि पाठीत वेदना, हातापायांतले बळ जाणे, विलक्षण थकवा. महिना संपण्याच्या आत रुग्णालयाला दारे लावावी लागली. ती उघडली ऑक्टोबरात. एकंदर 292 कर्मचारी आजारी पडले. त्यांतल्या काहींचे दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळले. थोडे श्रम होताच ते उलटे, झोपेची घडी बसत नसे, स्मरण धड राहत नसे. असाच प्रकार 1934 साली लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात आणि 1948-49 साली आइसलँडमधील आकुरेरी गावात होऊन गेला होता. रॉयल फ्रीमधील संसर्गरोगतज्ज्ञ मेल्विन रॅम्से ह्यांनी ह्या रुग्णांना हाताळले होते, आणि हा मज्जासंस्थेचा खरा आजार आहे असे त्यांचे ठाम मत झाले.

पंधरा वर्षे गेली. 1970 साली मॅकएव्हेडी आणि बिअर्ड ह्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिले. जुन्या नोंदी चाळून त्यांनी निष्कर्ष काढला, की रॉयल फ्रीची साथ हा सामुदायिक हिस्टेरियाचा प्रकार होता. (हे बिअर्ड निराळे, एका बिअर्डने ह्या दुखण्याला प्रतिष्ठेचे नाव दिले आणि शंभर वर्षांनी दुसऱ्याने ते काढून घेतले, हा योगायोग.) त्यांच्या आधारांपैकी एक असा, की आजारी पडलेल्यांत स्त्रिया फार होत्या. परिचारिकांच्या वसतिगृहांत स्त्रियाच असणार, हे त्यांना फारसे महत्त्वाचे वाटले नाही. प्रत्यक्ष रुग्णांना त्यांनी तपासलेही नव्हते. रॅम्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडक विरोध नोंदवला. परंतु 'हिस्टेरिया' हा शब्द एकदा उच्चारला गेला तो गेलाच. जागतिक आरोग्य संघटनेने 1969 साली ह्या आजाराला मज्जासंस्थेच्या रोगांत जागा दिलेली असूनही, पुढे कित्येक वर्षे असा रुग्ण दवाखान्यात आला की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटे.

ह्या वादाला मोजमापाचे उत्तर ऑस्ट्रेलियातील डबो ह्या गावाने दिले. तिथे ग्रंथिज्वर, रॉस रिव्हर ताप आणि क्यू ताप अशा तीन निरनिराळ्या दुखण्यांच्या 253 रुग्णांवर आजाराच्या आरंभापासून लक्ष ठेवण्यात आले. सहा महिन्यांनंतर त्यांतले सुमारे 12 टक्के लोक तसाच थकवा आणि तीच तक्रार घेऊन राहिले होते. कोण राहिले? ज्यांचे मूळ दुखणे जोराचे होते ते. आधीचा मनोविकार असणे-नसणे ह्यावर ते अवलंबून नव्हते. तीन ताप तीन निरनिराळ्या जंतूंचे, पण मागे राहिलेली कसर एकच. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला.

ह्यातला रॉस रिव्हर तापाचा विषाणू आपल्या ओळखीच्या चिकुनगुन्याचा सख्खा भाऊबंद आहे. त्याच 2006 सालात चिकुनगुन्याने आपल्याकडे धुमाकूळ घातला. देशभर सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. त्याआधीची आपल्याकडची मोठी साथ 1973 साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला झाली होती. ह्या तापाचे नावच वाकून चालणाऱ्या माणसावरून पडलेले. ताप आठवड्यात गेला आणि सांधे कित्येक महिने, क्वचित वर्षे धरून राहिले, असे लोक महाराष्ट्राच्या गावोगावी आहेत. रात्री कूस बदलताना ज्याचा सांधा ठणकतो त्याला झोप कोठून येणार, आणि महिनोन्‌महिने झोप नसलेल्याचे मन प्रसन्न कसे राहणार? इथे शरीर कोठे संपते आणि मन कोठे सुरू होते, ही सीमारेषा ज्याला आखता येईल त्याने आखावी.

2003 साली सार्सची साथ आली आणि हीच गोष्ट डॉक्टर-परिचारिकांच्या बाबतीत पुन्हा घडली. हाँगकाँगमध्ये साथीतून वाचलेल्या 233 जणांची चार वर्षांनी पाहणी झाली. त्यांतल्या दर शंभरांत चाळिसांहून अधिक जणांना त्या वेळीही काही ना काही मनोविकार होता, आणि जवळजवळ तितक्यांनाच न जाणारा थकवा. कॅनडातील टोरोंटो येथे अशाच 22 रुग्णांची, त्यांत बहुतेक आरोग्यसेवक, झोपेत असताना मेंदूच्या लहरींची तपासणी करण्यात आली. माणूस गाढ झोपेत असताना ज्या संथ लहरी हव्यात, त्यांत जागेपणीच्या लहरी घुसलेल्या दिसल्या. "मी झोपतो, पण मला झोप लागत नाही" ही जी तक्रार ऐकून घरचे लोक हसतात, तिचा आलेख कागदावर उमटला होता.

आणि मग 2020 साल उजाडले. त्या काळाचे वर्णन तुमच्यापुढे करण्याची गरज नाही. आपण सारेच त्यातून गेलो आहोत. परंतु एक गोष्ट इतिहासात प्रथमच घडली. पूर्वी रोगाला नाव डॉक्टर देत. 'लाँग कोव्हिड', म्हणजे लांबलेला कोव्हिड, हे नाव 2020 सालच्या मे महिन्यात एलिझा पेरेगो ह्या इटालियन पुरातत्त्वज्ञ बाईंनी दिले, आणि त्या स्वतः रुग्ण होत्या. रुग्णांनीच रुग्णांची पाहणी केली. 56 देशांतील 3762 दुखणाइतांनी तीत उत्तरे दिली. ही पाहणी दुखणे रेंगाळलेल्यांचीच होती, सरसकट सर्व रुग्णांची नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि त्यांच्यातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी झोपेची तक्रार सांगितली. 2021 सालच्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने ह्या आजाराची व्याख्या केली. त्याच वर्षी 2,36,379 कोव्हिड रुग्णांच्या, मुख्यतः अमेरिकेतल्या, नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत त्यांतल्या सुमारे 34 टक्के लोकांच्या नावावर मेंदूच्या किंवा मनाच्या विकाराचे निदान लिहिले गेले होते. काहींचे विकार जुनेच असतील. परंतु फ्लू झालेल्यांशी तुलना करता हे प्रमाण स्पष्टपणे जास्त भरले.

ह्याची कारणे आज पुष्कळ अंशी उलगडत आहेत. जंतू शरीरात शिरले की रक्षक पेशी काही द्रव्ये सोडतात. तीच मेंदूवर परिणाम करून आपल्याला सुस्त, झोपाळू, एकलकोंडे बनवतात. तापात पडून राहावेसे वाटते ते ह्यामुळे, आणि ते हिताचेच असते. काहींच्या बाबतीत शत्रू गेल्यावरही ही चौकी उठत नाही. हृदयाची गती आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा तोल जातो, झोप विसकटते. विसकटलेल्या झोपेने मन खचते, खचलेल्या मनाने झोप आणखी विसकटते. त्यात नोकरी गेलेली, कर्ज झालेले, आणि वर "तुला काही झालेले नाही" हा शेरा!

इथे उलट बाजूचा तोलही सांभाळला पाहिजे. 'हे शरीराचे आहे, मनाचे नाही' असे म्हणण्याच्या भरात मनाचे दुखणे म्हणजे काहीतरी हलके, लाजिरवाणे, असे आपण मान्य करून बसतो. खिन्नता हीही वेदनाच आहे. तिच्यावर उपचार आहेत, ते घेण्यात कमीपणा नाही, आणि एखाद्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर एक दिवसही न दवडता मनोविकारतज्ज्ञाकडे गेले पाहिजे. थकव्याबरोबर खिन्नता आहे म्हणून थकवा खोटा ठरत नाही, आणि थकवा खरा आहे म्हणून खिन्नतेकडे डोळेझाक करावयाची नाही.

उपचाराच्या बाबतीतही इतिहासाने एक वळण घेतले आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'नाइस' ह्या संस्थेने 2007 साली अशा दीर्घ थकव्याच्या रुग्णांना दिवसेंदिवस वाढता व्यायाम देण्याची शिफारस केली होती. रुग्ण सांगत होते, की ह्याने आमचे दुखणे उलटते. 2021 सालच्या ऑक्टोबरात संस्थेने ती शिफारस काढून टाकली, आणि आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून श्रम बेताने करावेत असा सल्ला दिला.

हे वाचले तेव्हा मला चरकसंहितेतील ज्वरचिकित्सेचा अध्याय आठवला. ताप गेलेल्या माणसाने अंगात बळ येईपर्यंत व्यायाम, स्त्रीसंग, स्नान आणि फार हिंडणे-फिरणे टाळावे, नाहीतर ताप पुन्हा उलटतो, असे तिथे सांगितले आहे. त्याच ग्रंथात आहार आणि ब्रह्मचर्य ह्यांच्या जोडीने निद्रा ही शरीराचा एक आधारस्तंभ मानली आहे. सुख आणि दुःख, बळ आणि दौर्बल्य, किंबहुना ज्ञान आणि अज्ञानही झोपेच्या आधीन आहेत, असे म्हटले आहे. प्राचीनांना विषाणू ठाऊक होते असा दावा मी करीत नाही. तो खोटा होईल. परंतु त्यांनी रुग्णाकडे लक्ष देऊन पाहिले होते, आणि 'ज्वरमुक्त' व 'बलवान' ह्या दोन वेगळ्या अवस्था मानल्या होत्या. ताप उतरण्याचा दिवस आणि बरे होण्याचा दिवस एक नव्हे, हे त्यांना माहीत होते.

आपल्या घरी ह्याचा अर्थ काय? तापातून उठलेली सून दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी राहिली नाही म्हणून बोलणी खाते. रजा संपलेला कारकून डोळे ताणून खतावणी लिहितो आणि चुका करतो. परीक्षेला बसलेला मुलगा पुस्तक उघडून शून्यात पाहत बसतो. त्यांना "हिंमत धर" असे सांगणे सोपे आहे. परंतु हिंमत हीही शरीरातूनच येते, आणि तेच अजून रिकामे असते. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. रात्री झोपण्याची आणि सकाळी उठण्याची वेळ सांभाळावी. काम एकदम नव्हे, थोडे थोडे द्यावे, आणि दुखणे उलटताच पुन्हा थांबवावे. दुसरा एखादा रोग दडलेला नाही ना, ह्याची तपासणी जरूर करावी. पण तपासणीत काही निघाले नाही म्हणजे माणूस खोटा ठरला, असे समजू नये. मेनिंजरचे बहुतेक रुग्ण बरे झाले, हे विसरू नये, आणि किती दिवसांत बरे व्हावयाचे ह्याची मुदत रुग्णावर लादू नये.

पुढली साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. येईल एवढे मात्र इतिहास सांगतो. ती येईल तेव्हा खाटा, औषधे आणि प्राणवायू ह्यांची तजवीज सरकारने करावीच. पण साथ ओसरल्यावर, वर्तमानपत्रांतले आकडे बंद झाल्यावर, जी माणसे रात्री छताकडे डोळे लावून पडलेली असतील, त्यांची नोंद ठेवण्याचे काम पहिल्यांदा घरालाच करावयाचे आहे. मुंगीच्या पावलाने जाणाऱ्या दुखण्याला मुंगीच्या पावलाने जाऊ द्यावे, आणि ते जाईपर्यंत त्या माणसाच्या उशाशी आपण बसून राहावे.